धान वाढलं

"धान कितना बचा है, बाई?" भैय्यालालने विचारलं.

रुखमा उंबऱ्यावर उभी होती. कडेवर तीन वर्षांची मंदी, मागे खाटेवर तापाने फणफणलेला सासरा सोमाजी. घरातली ढोली कालच रिकामी झाली होती. तळाचे दाणे झाडून घेऊन तिने त्यांचीच पेज केली होती.

"धान वाढलं जी," ती म्हणाली.

भैय्यालाल रायपूरकडचा आणि त्याच्या शेजारी उभा असलेला साहेब सातासमुद्रापलीकडचा. एकोणऐंशीच्या दुष्काळात कुठल्याशा परदेशी संस्थेने साहेबाला एकोडीला धाडलं होतं, आणि त्याला गावाचं बोलणं कळावं म्हणून भैय्यालालला सोबत दिलं होतं. ज्या घरातलं धान सरलं त्या दारावर भैय्यालाल खडूने गोल काढायचा. उद्या ट्रक येणार आणि जिथे गोल तिथे दलियाचं पोतं उतरणार. साहेब माणूस भला. कोणाच्या घरात शिरायचं नाही, कोणाची भांडी उघडायची नाही, घरची बाई सांगेल ते खरं मानायचं, असा त्याचा नियम होता. गरिबालाही अब्रू असते, असं तो म्हणे. आता एवढ्या चांगल्या माणसाला बोल तरी काय लावणार!

"बढ़ गया?" भैय्यालालच्या भुवया वर गेल्या. "इस अकाल में?"

शेजारची गिरजाबाई धावत आली. तिच्या दारावर गोल निघाला होता.

"अवो साहेब, वाढलं म्हन्जे खतम झालं! आमच्याकडं तसंच म्हन्तेत जी."

"पड़ोसन को हर घर का ज़्यादा मालूम रहता है," भैय्यालाल वैतागून म्हणाला. सकाळपासून दारोदारी त्याला शेजारणीच भेटत होत्या. "खतम है तो बाई खुद बोले. बस, एक बार बोले."

"म्हन ना वो रुखमे! मीनं नाही का म्हनलं? काहून गप हायेस?"

रुखमाने तोंड उघडलं. एवढासा तर शब्द. पण घरातलं धान, मीठ, कुंकू कधी संपत नसतं, ते वाढतं. घर सगळं ऐकत असतं आणि तसंच होवो म्हणतं, हे सासूने तिला अंगावरची हळद निघायच्या आत शिकवलं होतं. नवरा कामाच्या शोधात कामठीकडे गेला तो गेलाच, निरोप नाही. सासरा आत कण्हत होता. अशा घराच्या उंबऱ्यावर उभं राहून 'संपलं' म्हणायचं? तो शब्द कोणावर जाऊन पडेल?

"सूनबाई," आतून सोमाजीचा आवाज आला. "म्हनून टाक वो. माही फिकर नोको करू."

त्यालाही कळलंय म्हटल्यावर तिला रडूच कोसळलं. तिने साहेबापुढे हात जोडले.

"वाढलं जी," ती म्हणाली. "सारंच वाढलं."

भैय्यालालने साहेबाला इंग्रजीत सांगितलं. साहेबाचा उन्हाने लाल झालेला चेहरा खुलला. एवढ्या गावात एक तरी घर तरलं, याचा त्याला मनापासून आनंद झाला असावा. बाईचे डोळेही आनंदानेच भरून आले, असं त्याला वाटलं असेल. त्याने मंदीच्या गालाला हात लावला, रुखमाला वाकून नमस्कार केला आणि जीपकडे वळला. भैय्यालालने खडू खिशात टाकला.

जीप सुरू झाली तशी रुखमाने मंदीला खाली ठेवलं आणि ती पळत सुटली. अंगण ओलांडलं, कुंपण ओलांडलं, कोरड्या पडलेल्या बोडीच्या, त्या लहानशा तळ्याच्या, पाळीपर्यंत गेली. तिथून घर दिसत नव्हतं. म्हणजे घरालाही ऐकू जाणार नव्हतं.

"संपलं जी!" ती ओरडली. "धान संपलं! काईच नाही घरात! संपलं!"

साकोलीच्या रस्त्याला लागलेल्या जीपची धूळ तेवढी तिच्या तोंडात गेली.

गिरजाबाई कुंपणाशी उभी राहून बघत होती. तिच्या घरी खाणारी तोंडं ढीगभर आणि पोतं एकच. रुखमा परत आली तेव्हा पदर सावरत गिरजाबाई आपल्या घरात गेली.

मंदीने तोवर चुलीजवळची थाळी शोधून आणली होती.

"माय, पेज?"

"वाढली वो बाई," रुखमा सवयीने बोलून गेली.

मंदी चटकन मांडी घालून बसली आणि तिने थाळी पुढे ओढली.