कोयत्याची जखम
सेलिन लग्नसमारंभांत हार्प हे तंतुवाद्य वाजवायची आणि गिरीज गावातल्या आपल्या वाडीत भाजी पिकवायची. शेजारच्या पास्कलकाकांची बायको वारली, तेव्हा महिन्याच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, वाजवायचं तिनं कबूल केलं. पण मिस्सेच्याच संध्याकाळी मुंबईच्या हॉटेलात वाजवायचं मोठं काम मिळालं, तेव्हा केळीचा घड उतरवताना कोयता लागला, असं काकांना सांगून तिनं बोटाला पट्टी बांधली. मिस्सेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काका तिच्या मेथीच्या वाफ्यांना पाणी सोडत होते. "तू हात भिजवू नकोस, पोरी. जखम पिकली तर वाजवशील कशी?" सेलिनला राहवेना. तिनं पट्टी सोडली. "काका, मला लागलंच नव्हतं. मी मुंबईला वाजवायला गेले होते." काकांनी तिचं बोट हातात घेऊन पाहिलं. "बरं झालं," ते म्हणाले. "काल मिस्सेत तुझ्या बोटासाठीही प्रार्थना केली मी." सेलिनला मान वर करवेना. काका पुढच्या वाफ्याकडे वळले.