मुलाखतीतला वर्ग

"शिक्षिकाच का व्हायचंय?" शिष्यवृत्ती देणाऱ्या ट्रस्टच्या अध्यक्षांनी विचारलं. मी तोंड उघडलं, तोच त्यांच्या शेजारचे काका फोनवर भाच्याचं लग्न जुळवू लागले. पलीकडच्या काकू चहात साखर नाही म्हणून शिपायावर घसरल्या. अध्यक्षही त्या भांडणात पडले.

माझी फाइल तशीच बंद. ही शिष्यवृत्ती हुकली, तर डी.एड. सोडून मला मावशीच्या पार्लरमध्ये आयब्रो करत बसावं लागणार होतं. माझं डोकंच फिरलं. मी टेबलावर हात आपटला.

"हाताची घडी, तोंडावर बोट!"

खोली चिडीचूप. तिघांचीही बोटं ओठांवर. शिपायाचंसुद्धा.

थोड्या वेळाने सत्तरीच्या अध्यक्षांनी हळूच करंगळी वर केली. "बाई, जाऊ?"

मी अर्ज पुढे सरकवला. "आधी सही."