परवान्याचा अर्ज

नकुल कॉफीचा कप घेऊनच मीटिंग रूममध्ये आला. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या या ऑनलाइन कॅसिनो कंपनीला तो गेली आठ वर्षं गिऱ्हाइकं पाठवत होता. त्याच्या वेबसाइटवरून लोक कॅसिनोत जायचे, हरायचे आणि त्यातला वाटा त्याला मिळायचा. आता त्याला स्वतःचा कॅसिनो काढायचा होता. कंपनी भागीदार व्हायला तयार होती. परवान्याचा अर्ज मंजिरी बघत होती. कायद्याचं काम तिच्याकडे होतं.

"फायनली, मंजिरीताई! आता माझा पण लायसन्स."

"इतकी वर्षं लागला नाही?"

"रेफरलला कुठे लागतो? मी फक्त दार दाखवतो. आत काय होतं ते कॅसिनोचा जबाबदारी." नकुल लंडनच्या पिनर उपनगरातच जन्मला, वाढला होता. मोडकंतोडकं का होईना, मराठी बोलायला मिळालं की खूश व्हायचा.

मंजिरीने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "शेवटचा प्रश्न. 'मला खेळू देऊ नका' म्हणून ज्यांनी स्वतःहून जुगारबंदीच्या यादीत नाव घातलंय, अशा कुणाला कधी जाहिरात पाठवलीत? नीट आठवा. इथे खोटं लिहिलं तर तो गुन्हा आहे."

"नेव्हर," तो हसून म्हणाला. 'नाही'वर खूण केली, खाली सही केली.

मंजिरीने अर्ज जुगाराचे परवाने देणाऱ्या कमिशनला पाठवून दिला. मग फाइल उघडून कागदांचा गठ्ठा त्याच्यासमोर ठेवला.

"गिरीश. माझा भाऊ. मँचेस्टरच्या हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढायचा. पाच वर्षांपूर्वी मार्चमध्ये त्याने त्या यादीत नाव घातलं. एप्रिलमध्ये तुमचा पहिला मेल आला. 'बंदी आहे? या परदेशी साइटवर ती चालत नाही.' असे त्रेपन्न मेल आहेत."

नकुलने वरचा कागद उचलला. खाली त्याच्याच वेबसाइटचं नाव होतं. त्याने तो पालथा ठेवला.

"तुम्ही मुद्दाम मला अप्लाय करायला लावलं."

"नाही. तुम्ही स्वतः आलात. मी चार वर्षं वाट बघत होते." तिने लॅपटॉप मिटला. "लिंक पाठवणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. लायसन्स मागणाऱ्याला विचारतात. आणि उत्तर लेखी घेतात. हे कागद आज कमिशनला जातील."

"ताई, प्लीज. आपण बोलू ना. मी त्याला भेटून सॉरी म्हणतो."

"शेवटचे अकरा मेल तो गेल्यानंतरचे आहेत."

 नकुल हलक्या आवाजात म्हणाला, "ते ऑटोमॅटिक जातात. खाली अनसबस्क्राइबचं बटण होतं ना."

मंजिरीने उठून दार उघडून धरलं.

"ते दाबायला माणूस लागतो, नकुल."