हात मांडीवर

“शेजारी बसायचं. हात मांडीवर, तोंड बंद. माणूस अडखळला तर दोष आपल्या पानाचा, त्याचा नाही. तुम्ही मदत केलीत, की तो दोष तुम्हाला कधीच दिसणार नाही.”

दिल्लीत मुनिरकातल्या क्लासमध्ये वेबसाइट करायला शिकवताना राघव सर हे रोज सांगत. मृणालला आज ते पाळायचं होतं. कोर्सचा शेवटचा प्रकल्प म्हणून तिनं सोसायटीच्या फाटकापलीकडच्या दत्तमंदिराची साइट केली होती. वापरून बघायला दुपारी घरात सासरेच होते.

आठ महिन्यांपूर्वी दिलीपरावांची उजवी बाजू पक्षाघातानं लुळी पडली होती. आता ते काठीच्या आधारानं चालत, पण उजवा हात अजून उठत नव्हता. तेव्हापासून त्यांची बटणं मृणाल लावायची, पोळी तीच कुस्करून द्यायची. त्यांनी हात पुढे करायच्या आत तिचा पोचलेला असे. सेवेत खंड नको, हा तिचा नेम होता. सासूबाई, प्रभाताई, गेल्यापासून देवळातला गुरुवारचा दिवा दिलीपराव लावत. आता तोही तीच लावायची.

“बाबा, गुरुवारच्या दिव्यासाठी नाव नोंदवा बरं,” एवढं सांगून ती गप्प बसली.

त्यांनी डाव्या हातानं माउस धरला. बटणावरून बाण एकदा निसटला, पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा बसला. नावाच्या चौकटीत त्यांनी एका बोटानं डी शोधला. मग आय. ते स्वतःचंच नाव घालत होते. सवयीनं चुकले असतील, म्हणून मृणालचा हात पुढे निघाला. तिनं तो परत मांडीवर आणला.

नऊ मिनिटांनी पडद्यावर नोंद झाल्याचं दिसलं.

“बटण काय मुंगीसाठी केलंयस?” दिलीपराव म्हणाले.

तिनं वहीत टिपून घेतलं. मग हळूच विचारलं, “पण बाबा, नाव माझं हवं होतं ना?”

“नाव बरोबर आहे. प्रभा जाताना तिला दिव्याचा शब्द मी दिला होता, मृणाल. तू विचारलंसच कुठं?”

मृणालनं वही मिटली.

गुरुवारी संध्याकाळी दाराशी खुडबुड झाली. दिलीपराव निघाले होते. खांद्याला पिशवी, पिशवीत तेलाची बाटली, काठी भिंतीला टेकवलेली. शर्टाचं एक बटण भलत्याच काजात. डाव्या हातातून कडी निसटली. पुन्हा निसटली.

मृणाल खुर्चीत बसून राहिली. हात मांडीवर.

तिसऱ्यांदा कडी निघाली.