डावी बाही

विणकामाचा क्लास घेणाऱ्या हेमाताईंनी आईने विणलेला स्वेटर टेबलावर पसरला आणि दोन्ही बाह्यांना टेप लावला. डावी बाही दंडापाशी दोन इंच जास्त भरली.

"आईचा हिशेब चुकला असणार," मी म्हणाले. नमुना साठ वर्षांपूर्वीच्या इंग्रजी पुस्तकातला, बारीक लोकरीसाठी दिलेला. हल्लीची लोकर जाड, म्हणून आईने टाके कमी करून नवे आकडे समासात पेन्सिलने लिहून ठेवले होते.

हेमाताईंनी दोन्हीकडचे टाके मोजले. उजवीकडे बावन्न, डावीकडेही बावन्न.

"हिशेब चोख आहे तिचा," त्या म्हणाल्या. "लोकर तीच, सुयाही त्याच. हात सैल पडलाय. बोटांत जोर राहिला नाही की टाका मोठा पडतो. हे बघ, मनगटापासून वर सैलच होत गेलाय. कधी विणली ही बाही?"

"गणपतीत."

आजार कळला दिवाळीनंतर. संक्रांतीच्या आधी आई गेली.

"उसवून पुन्हा विणून देऊ का गं?"

मी नको म्हणाले. स्वेटर अंगात चढवला. उजवी बाही नीट बसली, डावी लांबीलाही जास्त भरली, ती मनगटापाशी दुमडून घेतली. रडू येईल असं वाटलं होतं, ते काही आलं नाही.

गणपतीत आईने हीच बाही माझ्यासमोर धरली होती. "जरा सैल वाटतेय का गं?"

मोबाइलमधून डोकं वर न काढता मी म्हणाले होते, "छान झालीये."