मास्तरांची मेणबत्ती
वादळ ओसरून तीन दिवस झाले, तरी मुलाचा ट्रॉलर परतला नव्हता. जन्मभर नवसांची टिंगल करणारे मास्तर बायकोने हातात कोंबलेली मेणबत्ती घेऊन किनाऱ्यावरच्या क्रुसापाशी आले. तिथे इनास होता; त्याचाही मुलगा त्याच ट्रॉलरवर. “तुमच्या रामेश्वराक नारळ ठेवन इलंय, मास्तर. तो काय बोलणा नाय.” “म्हणान तुझ्या देवाकडे इलंय.” मेणबत्ती तीनदा विझली, वारा अजून मास्तरांच्या जुन्या मतांचा होता. “हयसर काय म्हणतत रे?” “माका कायच आठवणा नाय. तुमका येता तां म्हणा.” मास्तरांना फक्त देवळातलं गाऱ्हाणं येत होतं, तेही नक्कल करण्यापुरतं. त्यांनी हात जोडले. “बा देवा म्हाराजा, आमच्या झिलांका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!” गाऱ्हाण्याला गावाने होकार द्यायचा असतो, म्हणून मास्तर थांबले. टोपी काढून इनास म्हणाला, “होय म्हाराजा!”