पायी आलेला नवरा

मांडव दिसू लागला तसं घोडीवाल्याने काठीचं टोक घोडीच्या गुडघ्यावर टोचलं आणि घोडी नाचली. वऱ्हाड खूश झालं. बेंजोवाल्यांना चेव आला. उलव्याहून गव्हाणला वरात आणायची आणि घोडी नाचवायची नाही, म्हणजे मग वरात कसली!

निकेशला वर बसल्या जागेवरून सगळं दिसत होतं. काठी दिसत होती, लगामापाशी लाल झालेला फेसही दिसत होता. काठी दुसऱ्यांदा लागली तेव्हा त्याने फेटा सावरला आणि सरळ खाली उडी मारली.

बेंजो थांबला.

"काय झालं रं?" भगवानकाका गर्दीतून धावत आले. निकेशचे वडील गेल्यापासून घरात त्यांचाच शब्द चालायचा.

"मी चालत येतो, काका. ही आता नाय नाचायची."

"नवरा उतरतो तो मांडवाच्या दारात. मधेच उतरलेला कदी पायलाय? चढ वर."

"नाय."

"मग कारन तरी सांग. येवढी लोकं बगतायत."

व्हिडिओवाला कॅमेरा घेऊन जवळ आला. निकेशने कॅमेऱ्याकडे पाठ केली.

कारण होतं. तो लहान असताना बाप पिऊन यायचा, सोबत दोस्तांना आणायचा आणि त्यांच्यासमोर पोराला नाचवायचा. पाय थांबले की घोट्यावर छडी. दोस्त हसायचे. एवढ्याशा पोराने ते कसं सोसलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. आयुष्यात त्याने हे एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि ते माणूस आता नवरी होऊन मांडवात बसलं होतं. लग्नाच्या व्हिडिओत घालायची ही गोष्ट नव्हती.

बेंजो का थांबला ते बघायला नवरीच बाहेर आली. मुहूर्ताआधी नवरीने असं रस्त्यावर यायचं नसतं. मागून तिची आई हाका मारत होती. अंकिताने मुंडावळ्या बाजूला सारल्या. घोडीच्या तोंडाकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, मग निकेशकडे. तिला काही विचारावं लागलं नाही.

"तू तरी सांग गो, याचं काय चाललंय?" काका म्हणाले.

कॅमेरा तिच्याकडे वळला.

"मीच सांगितलेलं, काका," ती धडधडीत खोटं बोलली, तेही सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. "माजा नवरा माज्यापाशी त्याच्या पायानं आला पायजे. आलाय तो. आता कोनी काय इचारू नका."

गर्दीत एक म्हातारी खुदकन हसली. काकांनी निकेशकडे पाहिलं, अंकिताकडे पाहिलं आणि कपाळावरचा घाम पुसला. नवरीचीच मर्जी म्हटल्यावर ते घोडीसमोरून बाजूला झाले.

"लगाम काढ तिचा," निकेश घोडीवाल्याला म्हणाला. "पानी पाज. आनि काठी मला दे."

घोडीवाल्याने मुकाट्याने काठी दिली. निकेशने ती शेजारच्या कुंपणापलीकडे भिरकावली.

"वाजवा," अंकिता बेंजोवाल्यांना म्हणाली आणि आईच्या शिव्या खात मांडवात परत गेली.

बेंजो सुरू झाला. निकेश थोडा चालला. मग त्याचा एक पाय उचलला, दुसरा उचलला, आणि भर रस्त्यात नवरदेव नाचायला लागला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. व्हिडिओवाला बिचकत पुढे आला, तेव्हा निकेशने हात वर करून त्याला हाक मारली, "घे, आता घे."